पहिला भाग मी बघितलाय

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न एका टकल्या माणसामुळे मोडायला आलं होतं, आणि तो टकला माणूस या पृथ्वीवरचा नव्हता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी आम्ही सोलापुरात राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सव्विसाव्या वर्षी घरातला कर्ता पुरुष झालो होतो. (कर्त्यानं नेमकं काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला गंभीर चेहरा करून हिंडायचो.) धाकटी बहीण शकू बी.एस्सी. झाली होती आणि तिला बघायला माळशिरसहून पाहुणे आले होते: मुलगा सुभाष, त्याचे वडील तात्या आणि त्याची आई, म्हणजे काकू. घरचा ऊस, बारमाही विहीर, शेळ्यामेंढ्यांचा कळप आणि मुलगा शेतकी खात्यात नोकरीला. "असं स्थळ पुन्हा येणार नाही," असं आई त्या आठवड्यात इतक्यांदा म्हणाली, की रात्री मला झोपेत दचकून जाग यायची.

पोहे झाले. प्रश्न झाले. शकूनं चालून दाखवलं, बोलून दाखवलं, भरतकाम केलेला रुमाल दाखवला. मग तात्यांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, "बरं हाय. कळवतो."

कळवतो! मराठी भाषेत याहून भयंकर क्रियापद नाही. आईचा चेहरा उतरला. पाहुण्यांची एसटी संध्याकाळी होती, म्हणजे त्यांचं मत सुधारायला माझ्या हातात एक दुपार होती.

तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "सोलापुरात आलोच हाय तर एकांदा शिनेमा बघू की. पोरीला बी घ्या संगट."

आई घरीच थांबली आणि मी बाकीच्यांना टांग्यातून घेऊन निघालो, ते एका पौराणिक चित्रपटाला. देवादिकांचा सिनेमा, धोका नाही, असा माझा हिशेब. थेटरावर पोचलो तर हाऊसफुल्ल! उन्हात उभं राहून काकूंचं डोकं तापायला लागलं. शेजारच्या थेटरात मात्र तिकिटं होती. तिथं इंग्रजी सिनेमा लागला होता. बोर्डावर एक उडती तबकडी, तिच्यातून निघणारी जांभळी आग, जळणारं शहर, आणि इंग्रजी नावापुढं दोन उभ्या रेघा.

"ह्या दोन काठ्या कसल्या?" तात्यांनी विचारलं.

"दुसरा भाग आहे तात्या हा."

"म्हंजे पयला भाग ऱ्हायला की! मग ह्यो कळायचा कसा? जाऊ द्या. ष्ट्यांडावर जाऊन बसू आमी."

ष्ट्यांडावर! मुलीच्या भावाला पाहुण्यांची साधी करमणूक करता येत नाही, हे अख्ख्या माळशिरस तालुक्यात झालं असतं. माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "काही काळजी करू नका. पहिला भाग मी बघितलाय. सगळं सांगतो!"

शकूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. कारण पहिला भाग मी बघितलेला नव्हता. पहिला भाग आहे, हेच मला दुसऱ्या भागाचा बोर्ड वाचून कळलं होतं. आणि माझं इंग्रजी "विथ रेफरन्स टु युवर लेटर" इथं सुरू होऊन "युवर्स फेथफुली"ला संपायचं!

बाल्कनीत बसलो. भिंतीकडं शकू, मग मी, मग काकू, तात्या आणि टोकाला सुभाष. दिवे गेले. पडद्यावर एक दाढीवाला गोरा माणूस नकाशाकडं बघत बसलेला.

"ह्यो कोण?" काकू.

"हिरो."

हे बरोबर होतं. त्या दुपारी मी सांगितलेल्यापैकी तेवढंच बरोबर होतं.

मग तबकडी आली, तिचं दार उघडलं आणि आतून पितळी घागरीसारखं डोकं असलेला एक टकला बाहेर आला. त्यानं हात वर केला आणि इंग्रजीत काहीतरी घुमला.

"आन् ह्यो टकला?"

आजवर बघितलेले सगळे हिंदी सिनेमे डोळ्यांपुढून सरकले. "हिरोचा थोरला भाऊ," मी म्हणालो. "पहिल्या भागात जत्रेत हरवला होता."

"जत्रंत?"

"म्हणजे... त्यांच्या तिकडच्या जत्रेत."

"आगं बया! आन् आता घावला व्हय?"

इतक्यात चंदेरी रंगाचे, अंगाला शिवल्यासारखे घट्ट कपडे घातलेली एक बाई धावत आली आणि तिनं दाढीवाल्याच्या गळ्यात हात टाकले. काकूंनी पदर तोंडाला लावला. "ही कोण बया?"

आता आली का पंचाईत! शेजारी होणारी विहीण, पलीकडं लग्नाची बहीण. मी घराण्याची अब्रू सांभाळली. म्हणालो, "बहीण आहे त्याची. लई दिवसांनी भेटली, म्हणून..."

काकूंचा चेहरा एकदम मऊ झाला. "लई माया हो! भावाबहिणीचं असंच पायजे." आणि त्यांनी माझ्याकडं नि शकूकडं इतक्या कौतुकानं पाहिलं, की मला वाटलं, लग्न ठरलं!

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ भाई, जरा जोर से बोलो ना! हमना भी कुछ नै समज रा." पुढच्या रांगेत बायकोमुलांसह आलेले एक विणकर बसले होते. तेही मागं वळले. "व्हय सायेब, मोठ्यानं सांगा की."

मी कसंनुसं हसलो. पण तात्यांनी छाती पुढं काढली आणि मागच्यांना सांगितलं, "आमचं पावणं हायेत. इंग्लिश झालंय त्यांचं!"

आमचं पावणं! ते ऐकलं आणि माझा तोलच गेला. मी मोठ्यानं सांगायला लागलो. टकल्यानं शहरावर आग सोडली की मी म्हणायचो, "लहानपणी आईबापांनी टाकलं, त्याचा राग आहे." बाल्कनी चुकचुकायची. दाढीवाला बोटं मोडत फिरला की मी म्हणायचो, "भावावर हात कसा उचलू, म्हणतोय." बायका डोळे पुसायच्या. खालच्या स्टॉलमध्ये प्रत्येक स्फोटाला शिट्ट्या नि टाळ्या पडत होत्या आणि वर आमच्याकडं प्रत्येक स्फोटाला हुंदका येत होता. तबकडीची लढाई चालू असताना एवढी रडलेली बाल्कनी जगात दुसरीकडं नसेल!

मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. टोकाला बसलेल्या सुभाषनं तोंडात रुमाल कोंबला होता आणि त्याचे खांदे गदागदा हलत होते. मुलाला काही आजार तर नाही? फेफरं वगैरे? आणि मी कुणाला विचारणार होतो?

मध्यंतरात सगळे चिवडा घ्यायला उठले, तेव्हा शकूनं माझी बाही ओढली.

"दादा, ती त्याची बहीण नाहीये."

"गप्प बस. तुझ्याच लग्नासाठी चाललंय हे सगळं!"

"अरे, त्यांचं लग्न ठरलंय. आत्ता तिनं बोटातली अंगठी दाखवली."

"भाऊ बहिणीला अंगठी देत नाही का?"

"मला कधी दिलीस?"

मी चिवडा खाल्ला.

मध्यंतरानंतर पाचव्या मिनिटाला जे व्हायचं ते झालं. तबकडीचा हल्ला परतवून दाढीवाला गच्चीवर उभा होता. चंदेरी बाई त्याच्याजवळ आली. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराचा धावा केला. उपयोग झाला नाही. दोघांनी एकमेकांचं चुंबन घेतलं! आणि साधंसुधं नाही, अगदी निवांत, शेतातली मोट ओढल्यासारखं!

स्टॉलमध्ये शिट्ट्यांचा पाऊस पडला. बाल्कनीत विणकराच्या बायकोनं पोरांचे डोळे झाकले.

मग मागून आवाज आला, "तौबा, तौबा! बहन बोले थे ना तुमे?"

पुढचे विणकर वळले. "सायेब, हे काय?"

काकूंनी डोळ्यांवर पदर घेतला होता. पदराआडून त्या म्हणाल्या, "भन हाय म्हनलासा की तुमी!"

"मानलेली!" मी ओरडलो. "मानलेली बहीण!"

"म्हंजे राखी बांधून?"

"नाही, नाही! चुलत!"

"चुलत?"

"सावत्र!"

प्रत्येक उत्तरासरशी काकू खुर्चीत एकेक इंच पलीकडं सरकत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा शकूकडं पाहिलं, आणि आमच्या घराण्याबद्दल त्यांच्या मनात काय चाललं असेल, या विचारानं माझे कान तापले.

पण देवाचं अजून समाधान झालं नव्हतं. त्याच क्षणी टकला मागून आला, दाढीवाल्यानं वळून बंदूक झाडली आणि टकला जांभळ्या ज्वाळांत भस्म झाला! खाली एकच जल्लोष. लोक बाकांवर चढून नाचले, पडद्यावर नाणी उडवली. वर विणकराच्या बायकोनं हंबरडा फोडला, "सख्ख्या भावाला मारलं हो!"

"लाज वाटत न्हाय का रं नाचायला?" आमच्या बाल्कनीतून कुणीतरी खाली ओरडलं. "भाऊ मेला त्याचा!"

"कुणाचा भाऊ?" स्टॉल.

"टकला!"

"टकला तुजा भाऊ असंल!"

खालून शेंगांची टरफलं वर आली. वरून चिवड्याचा पुडा खाली गेला. डोअरकीपर धावत आला आणि त्यानं बॅटरीचा झोत बरोबर माझ्या तोंडावर मारला. "हेच ते साहेब! ओ साहेब, तुमच्यापायी खाली मारामारी लागंल. एकतर तोंड बंद करा, नायतर बाहेर चला!"

तात्या उभे राहिले. धोतराचा सोगा सावरत काकूंना म्हणाले, "ऊठ. चल ष्ट्यांडावर."

संपलं. मला घरी वाट बघणाऱ्या आईचा चेहरा दिसायला लागला. आणि तेव्हा, दुपारभर गप्प बसलेली शकू उठली.

"काकू, तात्या, बसा जरा," ती म्हणाली. "दादानं पहिला भाग बघितलेलाच नाही."

सगळी बाल्कनी माझ्याकडं बघायला लागली. डोअरकीपरनं झोत हलवला नाही.

"ती त्याची बहीण नाही. त्यांचं लग्न ठरलंय. आणि तो टकला दुसऱ्या ताऱ्यावरचा राजा होता. त्याला पृथ्वी पाहिजे होती. भाऊबिऊ कुणी नाही."

मागून सुटकेचा उसासा आला. "हां! अब समज में आया!"

काकू अजून उभ्याच होत्या. "तुला समदं कळत हुतं, मग आदी का न्हाय बोललीस?"

शकूची मान खाली गेली. "परक्या माणसांसमोर मोठ्या भावाला खोटं कसं पाडायचं? तो घाबरलाय, काकू. सकाळपासून घाबरलाय. माझ्यासाठीच."

मला वाटतं मी तेव्हा रडलोच असतो, पण बॅटरी तोंडावर होती. मग काकूंनी मला हातानं बाजूला सारलं आणि माझ्या खुर्चीवर शकूला बसवलं. "मंग तू सांग. आन् ह्यास्नी भिंतीकडं बसू द्या."

उरलेला सिनेमा, म्हणजे टकल्याच्या फौजेशी झालेली लढाई, शकूनं सांगितला. बाल्कनी आनंदानं शिट्ट्या मारत राहिली. मी भिंतीकडं तोंड करून बसलो.

बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीपाशी सुभाष माझ्याजवळ आला. दिवसभरात पहिल्यांदाच तो बोलला.

"मी पुण्याला कॉलेजात असताना पहिला भाग दोनदा बघितलाय."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुमचा जास्त चांगला होता," तो म्हणाला, आणि पुन्हा त्यानं तोंडात रुमाल कोंबला. तेव्हा मला कळलं, की त्याला आजार कुठलाच नव्हता.

एसटीत चढताना काकूंनी शकूच्या गालावरून हात फिरवला आणि मला खिडकीतून सांगितलं, "मुहूर्त काढा." मी स्टँडवरच खाली बसलो.

लग्न माळशिरसला थाटात झालं. मांडवात काकूंनी आपल्या सगळ्या नातेवाइकांशी माझी ओळख करून दिली, तीही खणखणीत आवाजात. "ह्यो आमच्या सुनंचा भाऊ. मानूस सोन्यावानी हाय. फकस्त अंधारात लई खोटं बोलतो!"

हे ऐकून मांडवातल्या यच्चयावत बायकांनी आपापल्या मुली माझ्यापासून दोन हात लांब सरकवल्या. माझं स्वतःचं लग्न जमायला त्यानंतर चार वर्षं लागली, आणि तेसुद्धा बघण्याचा कार्यक्रम भर दुपारी उघड्या अंगणात ठेवला तेव्हा!