थांबा मॅडम

मॅडमचं खरं नाव वॉर्डाबाहेरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. आम्हा नातेवाइकांत त्या 'थांबा मॅडम'. जालन्यात अपुऱ्या दिवसांच्या लेकरांचा दवाखाना त्या चालवत, आणि सुट्टी कधी देता असं विचारलं की एकच उत्तर मिळे, "थांबा." एवढं बोलून त्या पुढच्या लेकराच्या काचेच्या पेटीकडे वळायच्या.

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्माला आली. इतकी लहान, की सुरुवातीला मी तिच्याकडे न बघता पेटीच्या काचेकडेच बघत असे. अशी लेकरं मधूनच श्वास घ्यायला विसरतात, हे मला तिथे कळलं. दवाखान्यात विसरली तर मशीन ओरडतं, सिस्टर तळपायाला टिचकी मारते आणि गाडी पुन्हा सुरू होते. मस्तगडातल्या आमच्या दोन खोल्यांत ओरडायला कोण होतं? तरी मला घाई होतीच. बायको आणि लेकरू तिकडे, आणि इकडे घर खायला उठलेलं.

मॅडम मूळच्या अंबड तालुक्यातल्या. वॉर्डातल्या प्रत्येक आईला त्या बहीण मानत, आणि त्या नात्याने आम्ही सगळे बाप त्यांचे दाजी. दाजींची टिंगल करायचा हक्क त्यांनी पुरेपूर वसूल केला. मी एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत आहे हे कळल्यावर तर विचारूच नका. मुलीचं वजन वाढलं त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडाच घेऊन गेलो. पुडा सिस्टरकडे गेला आणि मला ऐकायला मिळालं, "दाजी, तुम्ही बियाण्याच्या पिशवीवर तारीख छापता, तशी लेकरावर छापून येत न्हाई. वजन वाढलं म्हंजी झालं का? तिनं दूध पिताना दमू नये, पेटीबाहेर अंग गरम ऱ्हावं, श्वास इसरू नये. समदं बराबर जमलं, की मंग बघू."

पुढच्या आठवड्यात आई गावाकडून जीपच घेऊन आली. दिवस चांगला बघितलेला, सोबत हाताने शिवलेली कुंची. "माझ्या नातीला न्यायला आलेय, आडवू नका," तिने मॅडमना सुनावलं. मला वाटलं, आता जुंपणार. पण मॅडमनी उठून तिला आपली खुर्ची दिली, हात धुवायला लावले आणि मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. "मावशी, तुम्हीच पाजा." आई वाटी-चमच्याने पाजू लागली. मॅडम शेजारीच उभ्या. थोडं दूध पोटात गेलं आणि पोरगी थकली. ओठ निळसर पडले, छाती हलेना. मॅडमनी पाठ चोळली तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. आईने चमचा वाटीत ठेवून दिला. "जीप जाऊ दे माघारी," ती मला म्हणाली, "हिच्यात आजून दम न्हाई." मॅडमनी कुंची तेवढी ठेवून घेतली.

त्यानंतर मी विचारणं सोडलं. मुलगी हळूहळू सुधारली, पेटीतून बाहेर आली, माझ्या बायकोच्या अंगावर पिऊ लागली. मी मात्र भेटीला गेलो की मशीनवरचे आकडे बघत बसे. एकदा मॅडमनी त्यावर टॉवेलच टाकला. "दाजी, हे मशीन काय आंदण मिळणार न्हाई तुम्हाला. लेकराकडं बघा." त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचा श्वास नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

आणि एका सकाळी, कुणी विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, "घेऊन जा हिला."

ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, तो कानावर पडला आणि मीच मागे सरलो. "मॅडम, आजून दोन दिवस राहू द्या. भेव वाटून राह्यलं."

त्या दिवशी मात्र त्या मला हसल्या नाहीत. "वाटू द्या. लेकरू तयार झालं, दाजी. मायबाप कधीच तयार होत न्हाईत. त्यांची वाट बघत बसले तर एक बी लेकरू घरी जायचं न्हाई. माझं सांगू? घरी धाडलेलं लेकरू पहिल्या तपासणीला येईस्तोवर मला घास ग्वाड लागत न्हाई."

तपासणीच्या दिवशी आम्हाला उशीर झाला. रिक्षातून उतरलो तर मॅडम पायरीवर उभ्या. आता बोलणी बसणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण त्यांनी मुलीला घेतलं, छातीशी धरलं, आणि बराच वेळ परत दिलीच नाही.

मॅडम वारल्या, त्याला आता वर्ष होत आलं. मुलगी पाचवीत गेली. यंदा सायकलवर एकटीच शाळेत जाणार म्हणून हटून बसली. पहिल्या दिवशी ती दप्तर अडकवून दारात सायकलवर बसली, आणि मला मॅडमची फार आठवण आली. वाटलं, फोन करून विचारावं, हिला जाऊ देऊ का? त्यांचा नंबर अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, तो पुसवत नाही.

मुलगी घंटी वाजवत होती. मी वाटेतून बाजूला झालो.