केटचा मेंढीचोर खापरपणजोबा आणि माझा

मंडळी, आज जर्मनीत, हायडेलबर्गच्या ऑफिसात लंचला मी अक्षरशः जळले.

माझी ऑस्ट्रेलियन कलीग केट टास्मानियातल्या इंग्रजांच्या जुन्या फार्मचे फोटो दाखवत होती. सगळं इंग्लंडहून शिक्षा म्हणून तिकडे धाडलेल्या कैद्यांनी बांधलेलं. त्यातला एक तिचा खापरपणजोबा, मेंढीचोर! रजिस्टरमध्ये त्याचं नाव, उंची, गालावरचा तीळसुद्धा. सगळे म्हणाले, "सुपर!"

माझेही खापरपणजोबा दरोड्याच्या गुन्ह्यात काळ्या पाण्यावर गेलेले. अंदमानात सरकारी मळ्यासाठी जंगल तोडता तोडता तिकडेच मेले. मी लगेच बाबांना फोन लावला, "बाबा, त्यांचं नाव काय होतं?"

"अगं, पितृपक्षात त्यांचं नाव घ्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. आता कुणालाच आठवत नाही."

केटकडे तिच्या चोराचा तीळसुद्धा आहे. माझ्याकडे नावही नाही.

तुमच्या घरी कुणाचं नाव गाळतात, विचारलंयत कधी?