वेळुंड्याचा सर्व्हर

दुपारचं जेवण अंगावर येतंय. पडद्यावर अक्षरं सरकताहेत. मी कीबोर्डशेजारी डोकं टेकते, आणि इंदुआत्या म्हणते, "झोपलीस काय गं, भवाने?"

आत्या दिवाळीच्या आधी गेली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर या बाईने लिनक्स ही फुकट मिळणारी कॉम्प्युटर प्रणाली शिकून घेतली. आमचं वेळुंडे धरणात गेलं, माणसं जिकडेतिकडे पांगली. ती एका जागी बोलावीत म्हणून तिने घरच्याच कॉम्प्युटरवर त्यांच्यापुरतं सोशल नेटवर्क उभं केलं. कुणा कंपनीचं मिंधेपण नाही! ती गेली आणि मशीनही बसलं. तिचा बॅकअप मी नव्या मशीनवर चढवलाय. सगळं चालतंय, फक्त गावाचे फोटो दिसत नाहीत. आणि गाव आता तेवढंच उरलंय.

"फोटो उघडत नाहीत गं, आत्या."

"चल, बघू."

आम्ही वेळुंड्याच्या गल्लीत आहोत. गल्ली कोरडी आहे. घरांना टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कपाटांची करडी दारं आहेत, आतून घरघर येते. आत्याच्या कमरेला अख्ख्या गावाच्या किल्ल्या आहेत. तरी ती प्रत्येक दार वाजवते, "आहे का कुणी?" म्हणते आणि थांबते.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"आहे म्हणून काय घुसायचं? ज्याची खोली त्याचा कारभार. तू रूट होऊन सगळं बसवलंस ना?"

मी मान हलवते. रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी. त्याला कुणी अडवत नाही, म्हणून मला सोयीचं वाटलं.

"मग फोटोंची मालकीण झालीस तू! ज्या बिचाऱ्या प्रोग्रामने ते दाखवायचे, तो बसलाय दाराबाहेर." ती हसते. "आता तू वाजव."

दार जाड आहे. मी वाजवत राहते. काय बाई होती ही! सगळं गाव हाती असून न विचारता कुणाचा उंबरा ओलांडला नाही. मला रडू येतं.

"आत्या, थांब ना जरा."

"मला काय धरून बसतेस? काम कर."

जागी होते तेव्हा चहाची वेळ झालीय. फोटोंच्या फोल्डरची मालकी मी रूटकडून काढते आणि फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या साध्या खात्याच्या नावावर करते. पान पुन्हा उघडते. देवळाची पायरी दिसते, मग तालीम, मग नदीवर धुणं धुणाऱ्या बायका. लगेच खाली पनवेलहून सोनाबाई ढाणे लिहितात, "पदर खोचलेली ती मीच."

उत्तर लिहायला मी हात उचलते. उजव्या हाताच्या बोटांची पेरं लाल झालीत, आणि एकाचं सालपट निघालंय.