धुराडं पेटलं त्या दसऱ्याला

त्या दसऱ्याला आमच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटवला, तेव्हा हंगाम सुरू होणार नाही हे मला माहीत होतं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी बॉयलरवरच कामाला आहे. नळ्या जागोजाग गळत होत्या आणि दुरुस्तीचं सामान येणार नाही, हे आत ठरून गेलं होतं. पण पूजा चुकवायची नसते. संचालकांपैकी एक जोडपं पूजेला बसलं, नारळ फुटला, पाहुण्यांनी आग लावली. आम्ही उसाचा भुसा टाकत धूर तेवढा काढला. गळक्या नळ्यांत वाफ धरली असती, तर बॉयलर फुटायला वेळ लागला नसता. पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर पडल्या आणि आम्ही आग विझवली. आमच्या बॉयलर खात्याचे साहेब जवळ येऊन म्हणाले, "बाहेर एक शब्द गेला तर तू घरी." मी मान हलवली.

आमच्याकडे धुराड्यातून धूर दिसला की कुणी पुढचं विचारत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आतच गेटसमोर पालं पडतात. चहावाले, केस कापणारे, कपडेवाले. पंक्चरवाला तर मला पाहून ओरडलाच, "मिस्त्री, तुमचा धूर निघाला म्हंजी आमची चूल पेटली! या, चहा घ्या की!" घाई आहे म्हणून मी खाली मान घालून निघालो.

घरी धाकटी बहीण येऊन बसली होती. तिला गेटसमोर खानावळ टाकायची होती आणि त्यासाठी दोन्ही म्हशी घोडेगावच्या बाजारात विकायच्या होत्या.

"दादा, आतलं तुला ठावं. कारखाना चालंल न्हवं? न्हाईतर म्हशी ऱ्हाऊ देते."

"धूर दिसला न्हाई का तुला?"

"दिसला की. पन तू सांग."

ती चार जणींत बोलणार, ते साहेबांच्या कानावर जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"चालंल," मी म्हणालो.

"मग आता घरचा डबा बंद! माझ्याकडंच जेवायचं. फुकाट न्हाई हां पन!"

म्हशी गेल्या. हंगाम सुरू झालाच नाही. ऊस कोपरगावकडच्या कारखान्यांना गेला, टोळ्या तिकडंच वळल्या, गेटसमोरची पालं एकेक करून उठली. पंक्चरवाला कुठं गेला, मी विचारलं नाही. आम्हाला मात्र कामावर ठेवलं.

गाव कशावर चालतं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी छाती काढून धुराड्याकडं बोट दाखवायचो. आता वाटतं, बहिणीच्या म्हशींसारख्या लहान गोष्टी त्याच्याशेजारी टिकल्या असत्या, तर धुराडं थंड पडलं तरी दूध डेअरीला गेलंच असतं. आणि काम निघणार की बंद पडणार, ही खबर वेळेवर आणि खरी मिळाली, तर माणूस आपली सोय लावतो. इथं ती खबर माझ्याकडं होती.

पुढच्या वर्षी नळ्या बदलल्या, कारखाना चालू झाला. पण म्हशींचे पैसे तोवर संपले होते, बहिणीची खानावळ काही उभी राहिली नाही. ती सोनईकडं कांद्याच्या शेडवर मजुरीनं कांदा निवडायला जाते. विषय निघाला की म्हणते, "तुला तरी काय ठावं असनार, दादा. तुलाबी फसवलंच की त्यांनी."

साहेब आता निवृत्त झाले, पण राहतात इथंच. परवा आठवडे बाजारात बहीण त्यांच्याशी बोलताना दिसली. मेथीच्या हातगाडीआड उभा राहून मी ऐकलं. कांद्याच्या भावाचं चाललं होतं. ती हसत निघून गेली, तेव्हा मी दुसऱ्या वाटेनं घरी आलो.

नोकरी जाण्याची भीती केव्हाच संपली. ही दुसरी भीती, साहेबांच्या तोंडून तिला कळायची, मात्र दर बाजाराला वाढते. मला सगळं माहीत होतं, हे बहिणीला समोर बसवून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.