शब्दाचा पंचनामा

मेहकरच्या कचेरीत मी हंगामी कारकून होतो. आमचे कागद मेहकरहून बुलढाण्याला जायचे, बुलढाण्याहून नागपूरला, आणि त्यातलाच एखादा कागद मला कायम केल्याचा हुकूम घेऊन परत येईल म्हणून मी दोन वर्षं डोळे लावून बसलो होतो. माझ्याहून जास्त वाट पाहत होते शेजारच्या खेड्यातले एक शेतकरी. त्यांची मुलगी मला सांगून आली होती. मी ती पाहिली होती, मला मनापासून आवडली होती. पण बाप अडून बसलेला. "हुकूम दाखवा अन् हळद लावा," एवढंच म्हणायचे. माणूस सरळ आणि एका शब्दाचा, त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती.

त्या थंडीत त्यांच्याच गावात मोजणीदार जमीन मोजायला गेला, तर बांधावर चिटपाखरू नाही. सगळं गाव मळ्यात हुरडा खात बसलेलं. थोड्या वेळानं मोजणीदारही साखळी बांधावर टाकून आगटीपाशी जाऊन बसला. आता हुरडा समोर असताना दुसरं काय करणार? पण बुलढाण्याच्या गोऱ्या साहेबाला ते कसं कळावं. मोजणी काऊन झाली नाही म्हणून त्यानं खुलासा मागवला.

खुलासा इंग्रजीत लिहायचा आणि त्यात देशी शब्द एकही नको, असा आमच्याकडे नियम. हेडक्लार्क मला म्हणाले, "हुरड्याले इंग्रजीत जे म्हणत असतील ते लिहून टाक."

"काहीच म्हणत नाहीत. त्यांच्याकडं हुरडा नसते," मी म्हणालो.

"मग बनव."

शब्द कसे बनवतात ते मला शाळेतल्या मास्तरांनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, इंग्रजांचे शब्द काही आभाळातून पडत नाहीत. दोन जोडले की एक नवा. शेपूट लावलं की दुसरा. फारच लांबला तर मुंडकं उडवायचं, की तिसरा. मी कामाला लागलो. आधी एक लहानसा शब्द केला, तर हेडक्लार्क म्हणाले हा सरकारी वाटत नाही. मग 'टेंडर' घेतला, त्याला 'ग्रेन' जोडला, त्याला 'फायर' जोडला, आणि शेवटी मास्तरांचं आवडतं शेपूट. तीन दिवस घासून घासून शब्द उभा राहिला: टेंडरग्रेनोफायरिफिकेशन. नांदुऱ्याच्या मालगाडीसारखा लांब. कागदावर तो लिहिला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो चपराश्यालाही दोनदा वाचून दाखवला.

हेडक्लार्कांनी चष्मा लावून पाहिला. "शब्द भारी हाय. पण याले आधार काय?"

आमच्या कचेरीत आधार म्हणजे पंचनामा. बैल मेला, पंचनामा. भिंत पडली, पंचनामा. त्याशिवाय बैल मेलेला नाही आणि भिंत पडलेली नाही. तेव्हा शब्द जन्मला तर पंचनामा नको? आम्ही त्या खेड्यात गेलो, पाच पंच बसवले, शब्द मोठ्यानं वाचला आणि लिहून घेतलं की वरील शब्द आम्हां पंचांसमक्ष तयार झाला, आम्ही तो कानांनी ऐकला, आमची हरकत नाही. चौघांनी अंगठे दिले. पाचवे पंच माझे होणारे सासरे. त्यांनी सही केली, कारण त्यांना सही येत होती आणि ती करायला त्यांना आवडायची.

खुलासा बुलढाण्याला गेला आणि पंधरा दिवसांनी साहेब स्वतः दौऱ्यावर आला. गावाबाहेरच्या आमराईत तंबू पडला. हेडक्लार्क माझ्या कानाशी लागले, "साहेब लाल झालाय. सरकारी कागदावर घरी बनवलेले शब्द टाकणाऱ्याले तो ठेवत नाही. तू बनवला म्हणशील तर घरी जाशील." हे जवळ उभ्या असलेल्या पंचांनीही ऐकलं. हुकूम गेला, म्हणजे मुलगीही गेली.

साहेबानं कागदावर बोट ठेवून मोडक्या मराठीत विचारलं, हा शब्द कोणी केला?

पहिले पंच, एक म्हातारे शेतकरी, पुढे झाले. "कोणी केला नाही साहेब. आमच्यात पह्यलेपासून हाय. माहा आजा हाच शब्द म्हणे."

दुसरे पंच कापूस पिंजणारे चाचा. तेही मदतीला धावले. "हाव साहेब. माही माय मले हाच शब्द म्हणून हुरडा चारे."

तिसऱ्यानं आणि चौथ्यानं मान हलवली. पाचवे, माझे होणारे सासरे, तेवढे मागंच उभे होते. मला हायसं वाटलं. बिचारे माझ्यासाठी खोटं बोलत होते. साहेबानं चाचांना शब्द म्हणून दाखवायला सांगितलं. चाचांनी दम घेतला. "तेंदर... गिरनी... फाय..." आणि थांबले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "जुना हाय ना साहेब. झिजला आता."

इथं माझं डोकं सरकलं. झिजला? तीन दिवस मी जेवण विसरून तो घासला, आणि हे म्हणतात आज्याचा? मी सरळ पुढं गेलो आणि म्हणालो, "साहेब, हे सगळे खोटं बोलून राह्यले. शब्द माझा आहे. मी बनवला."

हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला.

साहेबानं लेखणी घेतली, माझा शब्द एका रेघेत छाटला आणि वर आपल्या हातानं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'हुरडा'. जोड नाही, शेपूट नाही. आमच्याच घरचा शब्द जसाच्या तसा उचलला आणि इंग्रजी करून टाकला. मग मला सांगितलं, उद्यापासून कचेरीत यायचं नाही.

मी आमराईबाहेर येऊन बांधावर बसलो. रडू येत होतं. मागून होणारे सासरे आले, शेजारी टेकले.

"माह्या पोरीसाठी मी हुकूम पाहत होतो," ते म्हणाले. "पण पोटावर पाय येत असताना भर साहेबासमोर खरं बोलणारा माणूस मी पह्यल्यांदा पाह्यला. हुकूम राहू द्या. हळदीचा दिवस काढू."

मी डोळे पुसले आणि त्यांच्या मागोमाग दिवस काढायला गेलो.

पुढं देऊळगावराजाच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि सासऱ्यांनी प्रत्येक पाहुण्याला माझी हीच गोष्ट सांगितली. गावात तंटा झाला की खरं कोणाचं ते ठरवायला मला पाठवायचे. त्यांच्या धाकानं मी जन्मभर खरं बोललो. फक्त त्या दिवशी मी खरं का बोललो, ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.