जोंधळ्याचं सूप

शेजारची ख्रिस्ती मावशी नसती, तर त्या गौरीला माझ्याबरोबर माझ्या वडलांचीही मान खाली गेली असती. म्हणून तिचं सांगते.

मी सोलापूरकडची. तिसरीतून शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न होऊन मालवणात आले. पहिल्याच भाद्रपदात सासूबाई म्हणाल्या, "औंदा तुजो ओवसो. म्हायेरसून सुपां येवक होयीत."

ओवसा म्हणजे नव्या सुनेनं फळं-भाज्यांनी भरलेली पाच सुपं गौरीपुढे ठेवायची, आणि ती यायची माहेरून. आमच्याकडे ही रीतच नाही. मी जमेल तसं कार्ड लिहिलं, सूप पाठवा. किती, कशाला, ते लिहायचं सुचलंच नाही.

गौरीच्या आदल्या दिवशी एस.टी.च्या टपावरून पार्सल उतरलं. एकच सूप, चांगलं दणकट, आणि पिशवीभर जोंधळे. लेकीच्या घरी पाखडायला सूप नाही, असं वडलांना वाटलं असणार!

विहिरीवर जाऊन रडत बसले. माहेरच्यांना रीतभात नाही, हे एकदा चिकटलं की जन्मभर ऐकायचं. मावशी कळशी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं, पण हसली नाही.

"रडतंस कित्याक गो? लेकीक सूप नाय म्हणान बापूस धावलो. असो बापूस कोणाक गावता?"

संध्याकाळी ती बाजारातून चार कोरी सुपं घेऊन आली. परसातली काकडी, दोडकी, केळी, नारळ त्यांत भरले, वर हळदीची पानं घातली. तिच्या घरी गौर नसते, तरी कशात काय ठेवायचं ते तिला पाठ. पाचव्या सुपात तिनं माझे जोंधळे ओतले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी एक पान उलटून पाहिलं. "इतकी रुंद पानां एकाच परसात होतत. कोणी दिल्यान?"

मी खरं तेच सांगितलं, "मावशीनं."

"मावशी म्हणजे म्हायेरच ना गो? मगे झाला. ता जोंधळ्याचा सूप पयला ठेव. लांबसून इला ता."

त्या नाताळात मी मावशीकडे नेवऱ्या करायला बसले. आमच्या करंज्याच त्या, फक्त आत ओलं खोबरं. मी एक घाणा तिळगुळाचा केला, तर म्हणते, "ह्यो घाटी नेवऱ्यो पाद्रीक पयल्यो!" तेव्हापासून दर नाताळाला तो घाणा माझा.

तिची मुलगी आता तेरा वर्षांची आहे. त्यांच्यात नवरीबरोबर सासरी गोडाधोडाची टोपली जाते, आणि ती घरोघर वाटतात. तिचं लग्न होईतोवर देवानं माझे हातपाय धड ठेवावेत, एवढीच काळजी. ती टोपली मी भरीन. मावशी म्हणून.