आत्यांची पक्कड

माझ्या सासूबाई भाजलेल्या माणसाची विचारपूस करत नसत. आधी त्याला दंडाला धरून हौदाच्या नळाखाली न्यायच्या. तो ओरडो की शिव्या देवो, पाणी चालूच. "आधी पाणी, मंग गाऱ्हाणं," एवढंच म्हणायच्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून त्या माझ्या आत्या.

पिंपळवंडीत आमच्या घराच्या पडवीतच माझ्या नवऱ्याचं वेल्डिंगचं काम चाले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, कांदाचाळीचे सांगाडे. कुणी भाजलं की गावातून उपाय धावत यायचे: पेस्ट लावा, शाई ओता, हळद भरा. आत्या सगळ्यांना दारातच थोपवायच्या. बराच वेळ पाणी, मग धुतलेल्या धोतराचं फडकं सैलसर गुंडाळायचं आणि थेट दवाखाना. कुणी नखाने फोड टोकरला तर त्याची खैर नसे. त्यांच्या या हुकमतीचं मला फार कौतुक वाटायचं.

याच आत्या हळदीकुंकवाला मात्र आपल्याच घरात परक्या होत. तरुणपणीच त्यांचं कुंकू गेलेलं. सवाष्णी आल्या की आपणहून माजघरात जाऊन बसायच्या. मला बांगड्या भरायला कासार आला तरी जवळ यायच्या नाहीत. आपली सावली नको म्हणायच्या. मला राग यायचा. पण ते सगळं त्या मनापासून मानत. एकुलत्या एका मुलाला काही होऊ नये, एवढीच त्यांची धडपड.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पडवीत चहा द्यायला गेले, तर वाटेत लोखंडी पट्टी पडलेली. काळी दिसली म्हणून गार समजून उचलली. ती नुकतीच गॅसवर कापलेली होती. तळवा आणि मनगट भाजलं. आत्यांनी मला नळाखाली नेलं, पण पाण्यातच हात सुजायला लागला आणि हिरवा चुडा मनगटात रुतू लागला. ओढून काढावा तर कातडी सोलून निघाली असती.

शेजारच्या काकू धावत आल्या. म्हणाल्या, "चुडा फोडू नगा. आन तुमी तर न्हाईच न्हाई."

विधवेच्या हातून सुनेचा चुडा फुटायचा, आणि त्या सुनेचा नवरा म्हणजे त्यांचाच मुलगा. आत्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडून उभा होता. मग त्यांनी त्याच्याकडूनच पक्कड मागून घेतली, बांगडीखाली ओलं फडकं सरकवलं आणि एकेक बांगडी चेपून काढली. मला म्हणाल्या, "रडू नगं. तुझा नवरा बांगडीत न्हाई. त्यो बघ, तिथं उभाय."

माझा हात वाचला. पण त्या दिवसापासून मुलगा बाहेरच्या कामाला गेला की तो घरी आल्याशिवाय आत्या जेवेनाशा झाल्या. मोटरसायकलचा आवाज येईपर्यंत ओट्यावर बसून राहायच्या. मला वाटायचं, आईची माया.

पुढे शेवटच्या आजारपणात मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट चाचपलं. म्हणाल्या, "त्या दिशी मला बी लई भ्याव वाटलं व्हतं गं. पर तुझा हात डोळ्याम्होरं सुजत व्हता."

इतकी वर्षं ती भीती त्यांनी एकटीने सांभाळली होती. एवढं मोठं काळीज मी दुसरं पाहिलं नाही.

आत्या गेल्या. आता ओट्यावर मी बसते. यांची गाडी वाजली की अजूनही तोंडून निघून जातं, "आत्या, आले हो. जेवून घ्या."